किमतीत न धरलेलं

नवी परभणीच्या गोदामात होती,
भिंतीला टेकून उभी, निळी,
इतकी गुळगुळीत
की आत पाय टाकला तर माझ्याच टाचेच्या भेगांची मला लाज वाटावी.
मोकिंदानं बोटाच्या पेरानं ठोकून बघितली.
रिकामी बादली वाजावी तशी वाजली.
"पाच वर्षं गॅरंटी," दुकानदार म्हणाला.
"कशाची?"
"फुटणार नाही याची."
"आन् बुडायची?"
दुकानदार हसला. मोकिंद हसला नाही.
बावन्न हजार. वल्ही वेगळी.

पैसे गटाचे, म्हणजे माझ्या सहीचे,
म्हणून या खेपेला तो मला विचारत होता.
लेकीची सोयरीक ठरवतानाही एवढं विचारलं नव्हतं.
अकराजणींच्या बैठकीत मी दोन्ही नावा मांडल्या,
लाकूड, फायबर, डांबर, व्याज.
सगळं ऐकून शेवंताबाई म्हणाली,
"रंग कोणचा हाय?"

जुनी येलदरीच्या काठाला, बाभळीखाली पालथी होती.
पिराजी लिंबोऱ्याची.
सागाची, एकोणीस पावसाळे खाल्लेली,
पोटाला डांबराचे थर, हत्तीच्या कातडीसारखे.
पिराजीचा खांदा गेलाय, वल्हं वर उचलत नाही,
म्हणून विकायची.
मागून बोल नको म्हणून
त्यानं तिची सगळी खोड आधीच सांगून टाकली:
"नाळेजवळ दोन बोटं चीर हाय, पत्रा मारलाय.
डावीकडं ओढती, डाव्या वल्ह्याला जोर जास्त लागतो.
दर वैशाखात डांबर मागती.
पर दुपारचं वारं सुटलं की बसून ऱ्हाती पाण्यावर.
तुमची ती निळी उडंल. ही बसंल."
सतरा हजार.

चौघांनी मिळून ती उताणी केली.
खालून एक सरडा पळाला, विड्यांची थोटकं निघाली
आणि एका लहान पोराची चप्पल.
मोकिंद चाकूच्या टोकानं फळ्या टोचत राहिला,
बैलाचे दात मोजावेत तसा.
मी आत जाऊन बसले.
बसायच्या पाटाखाली हाताला खाचा लागल्या,
कोयत्यानं मारलेल्या, एका ओळीत.
मला वाटलं कटल्याचा हिशोब असेल,
मोठा मासा, एक खाच.
"किती किलोच्या वर मारायचे?" मी विचारलं.

पिराजी बाभळीचं साल सोलत होता.
"मासे न्हाईत, माय. माणसं हायेत."

पोहायला उतरलेली, धुणं धुताना घसरलेली,
काही आपल्या पायानं आलेली.
रात्री-बेरात्री काठावरून हाक येते,
कधी तहसीलचा शिपाई, कधी नुसता रडका आवाज,
आणि भोयानं हाक आली की निघायचं असतं.
"पैसा घेतला न्हाई कुणाचा.
एका बापानं नारळ दिला होता, त्यो पाण्यातच सोडला.
ज्याची नाव, त्याला हाक.
हे किमतीत धरलेलं न्हाई."

परतताना मी बोलले नाही.
निळी डोळ्यांपुढं येत होती.
तिच्यात अजून कुणी निजलेलं नव्हतं,
ना जिवंत, ना तसं.
पस्तीस हजार जास्त, पण कोरी.
मोकिंद पुढं चालत होता. वळलाच नाही, तसाच म्हणाला,
"हाक काय नावेला येती का?
निळी घेतली तरी आपण भोयीच."

सतरा हजार मोजले. उरलेल्यात दोन जाळी,
आणि गटाचा हप्ता हलका झाला, शेवंताबाई खूश.
पिराजीनं पैसे न मोजता बंडीत कोंबले
आणि पाण्याकडं पाठ करून बसला,
आम्ही नाव ढकलेपर्यंत.

पाटाखाली मी बोटांनी मोजलं.
तेवीस.
त्यापुढं वीतभर लाकूड कोरं होतं, गुळगुळीत,
त्या निळीसारखंच.
पूजेची हळद हातात होती,
ती मी तिथं सगळी फासली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
"काय करतीस?" मोकिंदानं विचारलं.
"जागा भरून टाकते," मी म्हटलं.

नाव डावीकडं ओढत होती.
मी सरकून त्याच्या शेजारी बसले
आणि डाव्या वल्ह्याला हात लावला.